एक गोळी माझी, एक तुमची

घड्याळवाल्यांची आणि टनेजरावांची पहिली भेट हवेत झाली.

म्हणजे घड्याळवाले हवेत होते. टनेजराव खाली होते, आणि ते खाली होते म्हणूनच घड्याळवाले वर होते. दवाखान्यात पोटाच्या विभागाबाहेर एका लोखंडी पट्टीवर ठोकलेल्या चार खुर्च्या होत्या. ती पट्टी फरशीला पक्की करायचं काम कोणीतरी उद्यावर टाकलं होतं आणि तो उद्या अजून उजाडायचा होता. सगळ्यात डावीकडच्या खुर्चीवर घड्याळवाले बसले होते. वय एक्कावन्न, वजन अठ्ठेचाळीस किलो, त्यात चष्मा धरलेला. सकाळपासून उपाशी. समोरच्या भिंतीवरचं यकृताचं चित्र तिसऱ्यांदा बघत होते. तेवढ्यात लांबून पावलं वाजली. आधी खिडकीच्या काचा थरथरल्या, मग पाण्याच्या पिंपावरचा पेला आपणहून दोन बोटं सरकला, मग दाराची दोन्ही कवाडं उघडावी लागली, कारण एक पुरेना, आणि मोठं जहाज धक्क्याला लागावं तसे टनेजराव सावकाश, थोडे तिरके होत, सगळ्यात उजवीकडच्या खुर्चीवर टेकले.

घड्याळवाल्यांचे पाय फरशीवरून सुटले. पुढे हा प्रसंग सांगताना ते स्वतःला बरेच वर नेत. "पंख्याच्या पात्यावरची धूळ मी जवळून पाहिली आहे," असं म्हणत. खरं तर चार बोटंच गेले असतील. पण उपाशी माणसाला चार बोटंही पुष्कळ होतात.

"माफ करा हं," टनेजराव म्हणाले. उठले मात्र नाहीत, कारण उठणं हा त्यांच्याकडे मोठा कार्यक्रम असे. "तुम्ही जरा मध्ये सरका. माल नेहमी चाकांच्या मध्ये घ्यावा. टोकाला घेतला की गाडी उचलते."

घड्याळवाले मध्ये सरकले. पाय टेकले. अशी मैत्री जमली.

टनेजराव हे नाव ट्रक ड्रायव्हरांनी ठेवलेलं. गावाबाहेर, जिथे मोठा रस्ता वळतो, तिथे ट्रकांचा वजनकाटा होता. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पत्रा, बाजूला काचेची केबिन, केबिनमध्ये आकडे दाखवणारा डबा आणि डब्यामागे टनेजराव. भरलेला ट्रक येतो, पत्र्यावर चढतो, आकडा येतो. रिकामा होऊन परत येतो, पुन्हा आकडा येतो. दोन्हींमधला फरक म्हणजे माल. सव्वीस वर्षं टनेजरावांनी हे काम बसून केलं होतं. ड्रायव्हर भरलेल्या वेळी आत बसून राहतो आणि रिकाम्या वेळी चहा प्यायला उतरतो, पुढचं चाक हळूच पत्र्याबाहेर ठेवतो, पाण्याची टाकी येताना भरतो आणि जाताना सोडतो, हे सगळं त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. काच न उघडता ते आतून म्हणत, "उतरा हो पाहुणे, तुम्हाला कोणी विकत घेतलेलं नाही." आणि ड्रायव्हर उतरायचा.

पूर्वी रात्रपाळीला त्या खुर्चीत त्यांचा थोरला भाऊ बसायचा. तोही असाच. त्याच्या पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले, आणि छप्पन्नाव्या वर्षी तो गेला. पिणारा नव्हता. नुसतं यकृत चरबीनं भरलं, मग सुजलं, मग त्याचा दगड झाला. टनेजराव आता चौपन्नचे होते.

"म्हणजे माझ्याकडे दोन वर्षं आहेत," त्यांनी पहिल्याच दिवशी घड्याळवाल्यांना सांगितलं. एखाद्यानं गाडीला अजून दोन स्टेशनं आहेत म्हणावं तसं. "त्यात काही जमलं तर बघायचं."

घड्याळवाल्यांची गोष्ट वेगळी होती. एक दार उघडेल एवढ्या रुंदीचं त्यांचं दुकान. त्यात काचेचं कपाट, एक स्टूल, उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि पुढ्यात कोणाच्या तरी मनगटाचं उघडं पडलेलं काळीज. विम्याच्या तपासणीत त्यांच्या यकृताला चरबी निघाली, तेव्हा त्यांच्या बायकोनं त्यांना दिव्याखाली उभं करून पुढून, मागून, बाजूनं पाहिलं.

"चरबी? कुठे?" ती म्हणाली. "अहो, रिपोर्ट बदलला असेल. शेजारच्यांचा असेल तो."

मेहुण्यानं डोळा मारला. "भावजी, आम्हाला कधी विचारलं नाहीत. एकटेच बसता होय दुकानात?" त्या दिवसापासून सासरची सगळी माणसं घड्याळवाल्यांशी बोलताना तोंडाचा वास येतो का ते बघत. जन्मात थेंब न घेतलेला माणूस. टनेजरावांकडे बघून लोक म्हणत, होणारच. घड्याळवाल्यांकडे बघून म्हणत, पितो. दोघांतलं बरं कोणतं, यावर त्या दोघांची पुष्कळ चर्चा होई.

पोटाचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांना चित्रं काढून समजावण्याची हौस होती. त्यांनी कागदावर चार पायऱ्या काढल्या. पहिली सूज. दुसरीवर यकृतात वळ उठायला लागतात. तिसरीवर ते वळ एकमेकांना जाऊन मिळतात. चौथीवर सगळं कडक होतं, आणि तिथून खाली यायला जिना नाही. दोघांच्याही बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा दोऱ्याएवढा तुकडा काढला होता. घड्याळवाले दुसऱ्या पायरीवर निघाले, टनेजराव तिसऱ्या.

"एक नवीन गोळी आली आहे," डॉक्टर म्हणाले. "अजून दुकानात नाही. तिची चाचणी चालू आहे. वर्षभर रोज एक घ्यायची. एक पायरी खाली आणेल अशी आशा आहे."

"आशा कोणाची? तुमची का गोळीवाल्यांची?" टनेजरावांनी विचारलं.

"दोघांची."

"मग तिसरी माझी धरा."

चाचणीचं सगळं काम एका ताईंकडे होतं. जिन्याखालची छोटी खोली, कुलपाचं कपाट, रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणारं यंत्र आणि चिठ्ठ्यांची भेंडोळी. ताई शिस्तीच्या. त्यांनी दोघांपुढे चोवीस पानांचं संमतिपत्र ठेवलं. घड्याळवाले सही करून मोकळे होणार, तेवढ्यात टनेजरावांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मळमळ, जुलाब, अंगाला खाज, डोकेदुखी, झोप न येणं. प्रत्येक त्रासापाशी थांबून ते घड्याळवाल्यांकडे बघत आणि विचारत, "हा घेताय का?" अकराव्या पानावर मृत्यू आला.

"हा तर गोळी न घेताही मिळतोय," टनेजराव म्हणाले आणि पान उलटलं.

ताईंनी शेवटी मुख्य गोष्ट सांगितली. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी, तशाच चवीची, पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही, ताईंनाही नाही. बाटलीवर फक्त नंबर. सगळ्या दवाखान्यांतल्या सगळ्या लोकांचं वर्ष पुरं झालं की मग यादी उघडायची.

बाहेर येऊन टनेजराव बाकावर बसले. बाक दगडी होता, म्हणून घड्याळवालेही बसले.

"निम्म्यांना खरी," टनेजराव म्हणाले. "आपण दोघं. दोनाचे निम्मे एक. म्हणजे आपल्यात एकाकडे माल आहे आणि एक रिकामा."

घड्याळवाल्यांना यात काहीतरी चुकतंय असं वाटलं. त्यांचं आयुष्य बारीक चाकांत गेलेलं. एखादा दात निसटला की त्यांना बोटांना कळे. पण टनेजरावांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं, आणि सव्वीस वर्षं वजनं केलेल्या माणसाला वाटणी समजत नसेल असं कसं म्हणायचं, म्हणून ते गप्प राहिले. पुढचं सगळं या गप्प राहण्यातून निघालं.

गोळी फिकट पिवळी, लांबट, मसुराच्या दुप्पट. घड्याळवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात दोघांच्या बाटल्यांतली एकेक गोळी दुकानात भिंगाखाली ठेवली. फिरवून पाहिली, चिमट्यानं टोचून पाहिली, वास घेतला, जिभेचं टोक लावलं. शेजारच्या सोनारानं ती तराजूत घातली. काही फरक नाही. "कारागीर चांगला आहे," एवढंच घड्याळवाले म्हणाले. खऱ्या घड्याळाची नक्कल त्यांनी आजवर शंभर वेळा पकडली होती, त्यामुळे त्यांना हे जरा लागलं.

टनेजरावांनी गोळीबरोबर चालणंही सुरू केलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नुसत्या गोळीवर राहू नका. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात ते स्वतःच्या लोखंडी पत्र्यावर या टोकाहून त्या टोकाला चालत. केबिनमधला डबा चालूच असे, त्यामुळे त्यांचं वजन मोठ्या लाल आकड्यांत साऱ्या रस्त्याला दिसे. १२०. रांगेतले ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणत, "टनेज, पावती फाडा स्वतःची." गंमत अशी की ट्रकांचा तो काटा वीस किलोच्या आतला फरक दाखवतच नसे. त्याला वीस किलो म्हणजे काहीच नव्हे. टनेजराव चालले, उपाशी राहिले, गोड सोडलं, तळलेलं सोडलं, कपड्यांना आतून टाके घालून घेतले, आणि आठ महिने डबा म्हणत राहिला, १२०.

"बदला की काटा," घड्याळवाले म्हणाले. "घरी साधा घ्या."

"नको. घरचा रोज काहीतरी वेगळं सांगतो. हा कसा, एकदा खाली आला की आला."

तो खाली आला नाही.

महिन्याभरात टनेजरावांना मळमळायला लागलं. सकाळी गोळी घेतली की दुपारपर्यंत केबिनमध्ये बादली जवळ. जुलाब, अंगाला खाज. चोवीस पानांतलं एकेक त्यांना हौसेनं येऊन भेटत होतं. वहिनी, म्हणजे टनेजरावांची बायको, त्यांच्या निम्म्या उंचीच्या आणि दुप्पट आवाजाच्या. त्या म्हणाल्या, "सोडा ती गोळी. बादली धुवून माझे हात गेले." पण टनेजराव खुशीत होते. एवढा त्रास होतोय म्हणजे औषध आहे. खडूनं कोणाला उलटी होते का?

घड्याळवाल्यांना मात्र काहीच होत नव्हतं. ते रोज गोळी घेत आणि आतून काही हाक येते का, म्हणून स्टुलावर ताठ बसून राहत. येत नव्हती. साधी ढेकरही नाही. तिसऱ्या महिन्यात ते मान्य करून मोकळे झाले. आपल्याकडची बाटली रिकामी.

चौथ्या महिन्यात नव्या बाटल्या घेऊन दोघं दगडी बाकावर बसले होते. टनेजराव नवी बाटली नुसती हातात फिरवत होते. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं, त्यामुळे घड्याळवाल्यांनी विचारलं, "पोटात ढवळतंय का?"

"ढवळतंय ते सोडा. मला लाज वाटते."

"कशाची?"

"मी रोज तुमच्यादेखत खरी गोळी खातो आणि तुम्ही चुना. एका बाकावर बसून. जेवायला बसलेल्या माणसानं शेजारच्याला रिकामं ताट द्यावं तसं झालंय."

"अहो, नशीब आहे ते."

"नशीब कसलं? चिठ्ठी लावलीय कोणीतरी." त्यांनी स्वतःची बाटली बाकावर ठेवली. "आणा तुमची. एक माझी, एक तुमची, अशा दोन्हीकडे भरू. दोघांना निम्मं निम्मं मिळेल. ताई परत आलेल्या गोळ्या मोजतात, त्या बरोबर येतील."

"वेड लागलंय का तुम्हाला?" घड्याळवाले म्हणाले. "तुमची तिसरी पायरी, माझी दुसरी. उलट माझ्याकडे असती तर मी तुम्हाला द्यायला हवी होती."

"दिली असतीत?"

घड्याळवाल्यांनी तोंड उघडलं आणि बंद केलं.

"बघा, खोटं बोलला नाहीत," टनेजराव म्हणाले. "म्हणूनच तुम्हाला देतोय. अहो, एकट्या ट्रकवर सगळा माल घातला आणि तो घाटात बसला तर? दोघांवर निम्मा घातला की दोन्ही चढतात. माझं गणित ऐका."

त्यांचं गणित आधीच एकदा ऐकलं होतं, तेच पुरेसं होतं. तरी घड्याळवाल्यांनी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांना स्वतःचं दुकान आठवलं, स्टूल आठवलं, डॉक्टरांच्या कागदावरची ती चौथी पायरी आठवली, आणि त्यांच्या हातांनी बाटलीचं झाकण उघडलं. घड्याळवाल्यांच्या हातांना बारीक कामाची सवय होती. रुमाल अंथरून त्यांनी चिमट्यानं गोळ्या लावल्या. एक माझी, एक तुमची. जाणाऱ्या एका नर्सबाईंनी बघितलं आणि म्हाताऱ्यांचा काहीतरी खेळ चाललाय समजून त्या पुढे गेल्या.

पुढचे आठ महिने असंच चाललं. ताई मोजायच्या, आकडा जुळायचा. "सगळ्यांनी तुमच्यासारख्या वेळेवर घेतल्या असत्या तर माझं डोकं शांत राहिलं असतं, काका," असं म्हणायच्या. दोघं शाळेत शाबासकी मिळालेल्या मुलांसारखे बघत.

सहाव्या महिन्याच्या रक्तात घड्याळवाल्यांचा यकृताचा आकडा थोडा उतरला. टनेजरावांचा चढला.

फार नाही, थोडाच. डॉक्टर म्हणाले, एवढं वरखाली होतंच. पण घड्याळवाल्यांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. त्यांनी सरळ हिशेब मांडला. टनेजरावांची निम्मी गोळी आपल्या पोटात येते. आपण उतरतोय, ते चढतायत. आपण एका माणसाचं औषध खातोय. बायकोला सांगावं तर ती म्हणणार, चाचणीत असं चालतं का? चालत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला ते बाकावर रुमाल न काढता बसले.

"आज नको," ते म्हणाले.

"का? रुमाल धुवायला टाकलाय?"

"तुमचा आकडा चढला."

"आकड्यांचं मला सांगता? सव्वीस वर्षं मी आकडेच बघतोय. ट्रक पत्र्यावर आला की पहिला आकडा नेहमी खोटा असतो. थरथर थांबू द्यावी लागते." टनेजरावांनी स्वतःच रुमाल काढला. त्यांचा रुमाल म्हणजे टेबलावरचं कापड. "थरथर थांबू दे. लावा गोळ्या."

घड्याळवाल्यांनी लावल्या. या वेळी त्यांना मनातून वाटलं होतं की टनेजराव हो म्हणतील, ठीक आहे, थांबू. आणि त्यांनी तसं म्हटलं नाही याचा आनंदही मनातच कुठेतरी झाला होता. तो आनंद त्यांनी ओळखला. पुढे त्यांना सगळ्यात जास्त तोच आठवायचा.

वर्ष पुरं झालं तेव्हा दोघांच्या यकृताचा पुन्हा तुकडा काढला. सुई काढल्यावर उजव्या कुशीवर काही तास पडून राहायचं असतं, म्हणजे आतून रक्त येत नाही. शेजारशेजारच्या खाटांवर दोघं एकाच दिशेला तोंड करून पडले. घड्याळवाल्यांना टनेजरावांची पाठ दिसत होती. पलीकडचं दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं.

"झोपलात का?" पाठ म्हणाली.

"नाही."

"खाली आलो असेन का हो एक पायरी?"

इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. घड्याळवाले म्हणाले, "आला असाल." यापेक्षा चांगलं उत्तर नंतर कितीही शोधून त्यांना सापडलं नाही.

निकाल तीन आठवड्यांनी आला. घड्याळवाले होते तिथेच, दुसऱ्या पायरीवर. टनेजराव चौथ्या. डॉक्टरांनी या वेळी चित्र काढलं नाही. वहिनी खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या आणि त्यांचा तो दुप्पट आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"जिना नाही म्हणालात ना तिथून?" टनेजरावांनी विचारलं.

"नाही. पण काळजी घेतली तर तिथे बरीच वर्षं—"

"भावाचा मुक्काम तिथे दीड वर्ष होता," टनेजराव म्हणाले. "बरं. चला, गाडीवाले खोळंबलेत."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून घड्याळवाले एकटेच जिन्याखालच्या खोलीत गेले आणि ताईंना सगळं सांगितलं. बाक, रुमाल, चिमटा. ताईंच्या हातातली नळी हातातच राहिली.

"किती महिने?"

"आठ, शेवटचा धरून."

"काका, इतक्या लोकांनी वर्ष घालवलंय यात. रक्त दिलंय, सुया टोचून घेतल्यात. आणि तुम्ही दोघं बाकावर वाटून खात होतात?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमचे दोघांचे आकडे आता वेगळे काढावे लागतील. मला वर लिहून कळवावं लागेल."

"कळवा. माझं नाव आधी लिहा. पण मला एवढंच सांगा, खरी कोणाची होती?"

"मला ठाऊक नाही. कोणालाच नाही. सगळ्यांचं संपल्याशिवाय यादी उघडत नाही."

"संपणार कधी?"

"नऊ-दहा महिने."

ते महिने घड्याळवाले दर रविवारी वजनकाट्यावर जात, आणि टनेजरावांनी काम सोडल्यावर त्यांच्या घरी. टनेजरावांचं पोट पाण्यानं भरायला लागलं. पंधरा दिवसांनी दवाखान्यात जाऊन नळीनं पाणी काढायचं, घरी यायचं, पुन्हा भरायचं. पाणी काढून आले की टनेजराव सांगत, "आज आठ लिटर. येताना भरलेला, जाताना रिकामा. ड्रायव्हर लोकांना मी हेच करताना पकडायचो." हातपाय काटक्या झाले होते. वहिनी मीठ लपवून ठेवत आणि टनेजराव ते शोधून काढत. मध्येच त्यांना ग्लानी येई, आणि समोर घड्याळवाले बसलेले असताना ते काचेतून बोलल्यासारखं म्हणत, "पुढचं चाक वर घ्या, दिसतंय मला."

एकदा शुद्ध चांगली असताना घड्याळवाल्यांनी धीर करून सांगून टाकलं. "मी तुमचं औषध खाल्लं."

"खाल्लंत तर खाल्लंत. मी दिलं होतं."

"मला नको म्हणता आलं असतं."

"म्हणालात की दोनदा. मी होतो तिथे." टनेजरावांनी डोळे मिटले. "आणि तुम्ही खाल्लंत ते बरंच झालं. निदान अंगी लागलं असेल कोणाच्या तरी. तुमच्या अंगी लागलं तरी दिसायचं नाही म्हणा."

घड्याळवाले हसले आणि मग त्यांना स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यावं लागलं. वहिनींनी पेला दिला.

यादी दहाव्या महिन्यात उघडली. ताईंनी घड्याळवाल्यांना दुकानात फोन केला, आणि टनेजराव त्या वेळी दवाखान्यातच भरती होते म्हणून त्यांच्या खाटेपाशी यायला सांगितलं. घड्याळवाले उघडं घड्याळ तसंच झाकून निघाले. वाटेत त्यांनी दोन वाक्यं तयार केली, एक खरी बाटली आपली निघाली तर आणि एक त्यांची निघाली तर.

ताई खाटेच्या पायथ्याशी कागद घेऊन उभ्या होत्या.

"दोघांचीही खरी होती," त्या म्हणाल्या.

घड्याळवाल्यांची दोन्ही वाक्यं फुकट गेली.

"दोघांची?" टनेजरावांनी विचारलं.

"हो. निम्मे म्हणजे सगळ्या लोकांतले निम्मे, काका. दर दोघांत एक असं नसतं. तुम्हाला दोघांनाही पहिल्या दिवसापासून खरं औषध मिळत होतं. वाटून घेतल्यानं काहीच बदललं नाही."

घड्याळवाले स्टुलावर बसले. आठ महिने बाकावर आणि दहा महिने छातीवर घेतलेलं ओझं एका वाक्यात उतरलं होतं. हलकं वाटायला हवं होतं. ते वाट बघत बसले.

"मग काम का नाही केलं?" टनेजरावांनी विचारलं.

ताईंनी कागदाची घडी घातली. "ते केलंच नाही फारसं. कोणावरच. खरी घेणारे आणि खोटी घेणारे, दोन्हीकडे सारखेच निघाले. कंपनीनं औषध थांबवलं आहे. पुढे बनवणार नाहीत."

"आमच्यामुळे तर नाही ना बिघडलं?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"तुम्ही दोघं? तुमचे आकडे आत धरून मोजले आणि बाहेर काढून मोजले. काही फरक नाही."

टनेजराव छताकडे बघत होते. मग त्यांचं पोट हलायला लागलं. आधी वाटलं, दुखतंय. पण ते हसत होते. आवाज येत नव्हता, नुसतं पोट, त्यातलं पाणी, खाट आणि खाटेला टांगलेली बाटली असं सगळं हलत होतं.

"म्हणजे मी तुम्हाला माझी खरी देत होतो," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुम्ही मला तुमची खरी."

"हो."

"चिमट्यानं."

"हो."

"आणि ती चुन्याएवढीच कामाची."

"हसू नका, सुई निघेल हातातली," वहिनी म्हणाल्या. टनेजराव थांबले नाहीत, म्हणून त्यांनी सुईचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला.

सहा आठवड्यांनी टनेजरावांना सकाळी रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. घड्याळवाल्यांचं यकृत दुसऱ्या पायरीवर आहे. डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास चालायला सांगितलं आहे. गुडघ्यामुळे सध्या ते बंद आहे.